पत्र्याचं कंपाउंड घालायचंय, आपल्या काळ्या मातीत उभं राहील का?

मोगरा_जुळेसोलापूर | ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. घर जुळे सोलापुरात, स्वतःचं. मागं १३ फूट रुंदीचं परस सोडलंय. आधी मागचा प्लॉट रिकामा होता, नुसत्या बाभळी आणि काँग्रेस गवत. दोन वर्षांमागं तिथं घर झालं. माणसं चांगली आहेत, भांडण वगैरे काही नाही. पण त्यांचा जिना बाहेरून आहे आणि त्याचं मधलं लँडिंग नेमकं आमच्या मोरीसमोर आलं.

सासूबाई ७४ वर्षांच्या. परसातल्या मोरीवर पहाटे चुलीवर पाणी तापवून अंघोळ आणि तशाच ओलेत्यानं तुळशीला पाणी, ही त्यांची जन्माची सवय. मोरीला भिंत आहे पण कमरेएवढीच. गेलं वर्षभर त्या आतल्या बाथरूममध्ये अंघोळ करतात. तोंडानं काही बोलत नाहीत, पण तुळशीला पाणी आता मी घालते आणि त्या दारात उभ्या राहून बघतात. मला ते बघवत नाही.

म्हणून मागच्या अंगाला ४२ फूट लांब आणि ७ फूट उंच पत्रा मारायचा विचार आहे. फॅब्रिकेशनवाला येऊन बघून गेला, म्हणाला "ताई, दीड फूट खड्डा, दहा-दहा फुटावर पाईप, वर पत्रा, दोन दिवसात मोकळे." ऐकायला बरं वाटलं पण आमच्याकडं अशी काळी माती आहे की आत्ता भेगेत हात जातो. टिकेल का हे? पत्रा कुठला घ्यावा? मिस्टर आणि दीर म्हणतात खड्डे आणि काँक्रीट आपणच करू. ज्यांनी घरी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

बाळेकर_मामा | ९ एप्रिल

ताई, दीड फूट वाचूनच पोटात गोळा आला. आमचं सांगतो. बाळ्यात घर, मागं शेत. चार वर्षांमागं ५० फूट पत्रा मारला, खड्डे असेच दीड-पावणेदोन फूट, सगळे काळ्या मातीतच. पहिला पावसाळा गेला बरा. पुढच्या एप्रिलमध्ये माती सुकून आकसली आणि प्रत्येक पाईपाच्या काँक्रीटच्या गोळ्याभोवती बांगडीसारखी गोल भेग पडली. मी करंगळी घालून बघितली, गेली. अंगठा घातला, तोबी गेला. पाईप धरून हलवला तर पडायला आलेली दाढ हलावी तसा गोळ्यासकट हलायलाय. मिस्त्रीला फोन केला तर म्हणे पाणी मारा, माती फुगंल. मारलं पाणी. मे मध्ये वळवाचं आलं, संध्याकाळी पाचची वेळ, धुळीचा लोट आला आणि सहा पाईप गोळ्यासकट उपटून आडवे. दोन पत्रे सुटून पलीकडच्या कडब्याच्या गंजीत घुसले. तिथं माणूस असता तर कापला असता. पत्रा वाईट नव्हता, वेल्डिंग कुठंच तुटलं नाही, फक्त मातीनं सोडलं.

शेंगाचटणी | ९ एप्रिल

परस, मोरी, जिना सगळं येईल असा एक फोटो टाका की.

मोगरा_जुळेसोलापूर | ९ एप्रिल

फोटो नको, शेजारच्यांचं घर दिसतं त्यात. मापं देते. कंपाउंडच्या हद्दीपासून मोरी ३ फुटावर सुरू होते ती ६ फुटापर्यंत. तुळस ९ फुटावर, घराकडच्या बाजूला. त्यांचा जिना हद्दीपलीकडं साधारण ४ फुटावर. मामा, तुमचं वाचून आमच्या ह्यांनी लगेच कुदळ खाली ठेवली :)

वेल्डिंग_अण्णा | १० एप्रिल

२२ वर्षं हेच काम करतोय, अक्कलकोट रोडला. मामांचं शंभर टक्के खरं. लोक पत्र्याच्या रंगावर अर्धा दिवस घालवतात आणि खड्ड्याचं कुणी विचारतच नाही. ताई असं करा.

खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत घ्या. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी तीन-चार फुटात मुरूम लागतो, तुमच्याकडं एक खड्डा मारून बघा. कमीत कमी ३ फूट. वर सव्वा फूट रुंद आणि तळाला थोडा पोखरून मोठा करायचा, म्हणजे गोळा खाली रुंद बसतो आणि वर उपटून येत नाही. तळाला चार इंच खडी. काँक्रीट एकास दोनास चार, पाणी कमी, सळईनं नीट ठासून. भोवती भराव करायची वेळ आली तर काढलेली काळी माती परत घालू नका, मुरूम घाला आणि धुम्मस करा. वरती गोळा जमिनीच्या दोन-तीन इंच वर काढून चारी बाजूला उतार द्या, पाईपाच्या बुडाशी पाणी थांबलं की तिथूनच गंजतो. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबरी पेंट. पाईपाच्या डोक्याला टोपी वेल्ड केलीच पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं आणि पाईप आतून कुजतो, बाहेरून कळत नाही.

आणि काँक्रीट केल्यावर सात दिवस पाणी मारून नुसतं उभं ठेवा. दुसऱ्याच दिवशी पत्रा मारायचा नाही. पत्रा लागला की वारा धरतो, ओला गोळा आतल्या आत ढिला होतो. "दोन दिवसात मोकळे" म्हणतो तो ह्याच्यासाठी म्हणतो, त्याला पुढचं काम असतं.

दहा फुटावर पाईप अजिबात नको. सहा फुटावर. पाच फुटापर्यंत उंची असेल तर दोन बाय दोन इंची चौकोनी पाईप, २ एमएमचा. दुकानात काट्यावर चढवून घ्या, २० फुटी पाईप १८ किलोच्या आसपास भरला पाहिजे. १३-१४ भरला तर तो पातळ आहे, मग दुकानदार काहीही म्हणू दे.

विटेवरी | १० एप्रिल

मी वेगळं मत मांडतो. पत्रा हा गोडाऊनला, घराला नाही. उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीला तापलेला पत्रा परसात भट्टी करतो, पावसात ताशासारखा वाजतो, पाच-सात वर्षांत रंग उडतो. थोडे पैसे साठवा आणि वीट बांधकाम करा, पिढीभर बघायला नको.

सिव्हिल_पार्कचौक | १० एप्रिल

@विटेवरी उन्हाचं आणि आवाजाचं बरोबर आहे, पण काळ्या मातीत कमी पायावरची चार इंची भिंत पिढीभर टिकत नाही हो. माती दर पावसाळ्यात फुगते, दर उन्हाळ्यात आकसते आणि भिंत मधेच तिरकी चिरते. जुळे सोलापुरात अशा चिरलेल्या भिंती गल्लीगल्लीत दाखवतो. पत्र्याचं कंपाउंड निदान हलकं असतं, थोडी हालचाल सोसतं. तळाला फुगीर खड्डा म्हणून अण्णांनी जे सांगितलं ना, तोच विचार मोठ्या प्रमाणात इमारतींसाठी वापरतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी अंडर रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले, त्यांचंही बूड फुगीरच असतं.

वाऱ्याचा हिशोब सांगतो, म्हणजे सहा फूट का ते कळेल. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो. मीटर-सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६ म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे न्यूटन. वळवाचा झोत ताशी १०० किमी धरला तर साधारण ४७ किलो दर चौरस मीटर. आता ७ फूट उंच आणि दहा फुटावर पाईप, म्हणजे एका पाईपाच्या वाट्याला ७० चौरस फूट, साडेसहा चौरस मीटर. ३०० किलो! तेही जमिनीपासून साडेतीन फुटावर ढकलणारे. दीड फुटाच्या गोळ्यानं ते कसं पेलायचं? तेच ५ फूट उंच आणि ६ फुटावर पाईप केलं तर एका पाईपाला १३० किलो आणि अडीच फुटावर. पाया उपटण्याचा जोर तिपटीनं कमी झाला. उंची कमी करा हे माझं पहिलं सांगणं.

भूमापन_मित्र | ११ एप्रिल

उंचीवरून आठवलं. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत बाजूच्या आणि मागच्या कंपाउंडला १.५ मीटरची मर्यादा आहे, प्लॉटच्या सरासरी जमिनीपासून. म्हणजे पाच फुटाला जरा कमी. पुढच्या बाजूलाही १.५ मीटरच, पण वरचा ०.९ मीटर आरपार दिसेल असा ठेवला तर २.४ पर्यंत जाता येतं. तुमचं ७ फूट मागच्या अंगाला बसत नाही. पत्रा आणायच्या आधी महानगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागात जाऊन विचारा.

दुसरं, हद्द. सिटी सर्वेचा नकाशा आणि प्रत्यक्ष दगड जुळतात का बघा, शंका असेल तर मोजणीचा अर्ज करा. आणि काँक्रीटचा फुगीर गोळा जमिनीखालीसुद्धा तुमच्याच हद्दीत राहिला पाहिजे.

एक जुनी मजेची गोष्ट. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात कलम १८ मध्ये रूढीनं मिळणाऱ्या हक्काचं उदाहरणच असं दिलंय की एखाद्या गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याचा आडोसा मोडेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. दीडशे वर्षांमागंही माणसं ह्याच्यावरूनच भांडत होती. पण त्या रस्त्यानं जाऊ नका, कोर्टात वर्षं जातात आणि शेजार कायमचा जातो.

पूर्वभागवाली | ११ एप्रिल

मोगराताई, सासूबाईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझं बालपण पूर्व भागात गेलं, यंत्रमागाच्या खटखटीत. वाड्यात सात बिऱ्हाडं, मोरी एक. आडोसा म्हणजे दोरीवर टाकलेली चादर, आणि ती पण विणताना नक्षी चुकलेली, विकायची नाही म्हणून घरी राहिलेली. मोरीवर निळी चादर पडली की पुरुष मंडळी आपोआप अंगणात जायची, कुणी सांगायला लागायचं नाही. आमची आज्जी तेलुगूतच ओरडायची पण सगळ्यांना कळायचं. आता घरं मोठी झाली आणि आडोसा विकत घ्यावा लागायलाय.

शेंगाचटणी | ११ एप्रिल

चादरीवरून आठवलं, आमच्या गल्लीत पत्र्याचं कंपाउंड झाल्यापासून क्रिकेटचे नियम बदलले. पत्र्याला डायरेक्ट लागला तर आउट, आवाज येतो म्हणून थर्ड अंपायर लागत नाही :D

गच्चीतली_बाग | ११ एप्रिल

रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. आम्ही गडद निळा घेतला, दिसायला सुंदर होता. पत्र्याला लागून मोगरा आणि जास्वंद होती, मे मध्ये पत्र्याकडची पानं इस्त्री लागल्यासारखी तपकिरी झाली, दुसऱ्या बाजूची हिरवी. फिकट रंग घ्या, पांढरट किंवा बदामी, आणि झाडं दीड-दोन फूट लांब ठेवा. वेल थेट पत्र्यावर चढवू नका, उन्हाळ्यात भाजते आणि पावसाळ्यात पानांमागं ओल धरते. आम्ही पुढं जाळी लावून तिच्यावर कृष्णकमळ सोडला, छान आहे. आणि बोअरचं पाणी पाईपनं मारताना पत्र्यावर उडवू नका, आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती असतात ते बादल्या बघून कळतंच.

लाईटवाले_काका | १२ एप्रिल

अगदी महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं लिहितो. पत्र्याच्या कंपाउंडवर लाईटची वायर टाकू नका. दिवाळीत आमच्या ओळखीत एकानं माळ पत्र्यावरून नेली, पत्र्याची कड सुरीसारखी, वाऱ्यानं वायर घासली आणि आतली तार पत्र्याला लागली. ४० फूट कंपाउंडमध्ये करंट. अंगणात पाणी मारलेलं, पोराचा हात लागला आणि तो फेकला गेला. वाचला, कारण घरात गळती बघून पुरवठा तोडणारा ब्रेकर होता आणि तो लगेच पडला. कंपाउंडला दिवा पाहिजेच असेल तर पीव्हीसी नळीतून वायर, खांबाला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर. मोरी जवळ आहे म्हणता, तर हे विसरू नका.

वेल्डिंग_अण्णा | १२ एप्रिल

काकांनी चांगलं सांगितलं. कडेला यू पट्टी बसवा, लहान पोरं असतात.

पत्र्याचं राहिलं होतं. साधा जीआय म्हणजे नुसता जस्ताचा थर, आणि गॅल्व्हल्यूम म्हणजे ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी मुख्यतः जस्त. त्याच्यावर रंग दिलेला घ्या, ०.४५ किंवा ०.५० एमएम. विचारताना "रंगासकट ०.५० का रंगाशिवाय" असं विचारा, दुकानात रंगासकटचा आकडा सांगतात. पत्रा ग्राइंडरनं कापू देऊ नका. ठिणग्या रंगात रुततात, महिनाभरात तिथं तांबडे ठिपके येतात आणि लोक म्हणतात पत्रा डुप्लिकेट. मापाचा कापून आणा, नाहीतर कातरीनं कापायचा. स्क्रू भिंतीच्या पत्र्याला खोलगट भागात मारायचा, छतासारखा उंच भागावर नाही. पत्रा जमिनीपासून दोन इंच वर. माती टेकली की सगळ्यात भारी पत्रा पण खालून खातो.

विटेवरी | १२ एप्रिल

अण्णा, एवढी काळजी घेऊन करणारा मिस्त्री भेटत असेल तर माझा विरोध नाही. माझ्या अनुभवातला पत्रा दहा फुटावरच्या पाईपाचा होता.

निवृत्त_गणित_मास्तर | १३ एप्रिल

मोगराताई, मी तुमची मापं कागदावर मांडली. एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिन्याचं मधलं लँडिंग साधारण ५ फुटावर असतं. त्यावर उभ्या माणसाचा डोळा आणखी ५ फूट वर, म्हणजे जमिनीपासून १० फूट. तो हद्दीपलीकडं ४ फुटावर. तुमचं ७ फुटी कंपाउंड हद्दीवर. आता डोळ्यापासून कंपाउंडच्या डोक्यावरून तुमच्या परसात सरळ रेघ ओढा. चार फुटात रेघ ३ फूट खाली आली, म्हणजे दर फुटाला पाऊण फूट. ती जमिनीला टेकते हद्दीपासून सव्वानऊ फुटावर. तुमची तुळस ९ फुटावर आहे. तिथं रेघ जमिनीपासून फक्त ३ इंच वर. म्हणजे तुळशीपाशी उभ्या असलेल्या सासूबाई घोट्यापासून डोक्यापर्यंत दिसणार. ४२ फूट पत्रा मारूनसुद्धा!

मोरीचं जरा बरं. बसून अंघोळ करणारं माणूस ३ फूट उंच धरलं तर हद्दीपासून सव्वापाच फुटापर्यंत झाकलं जातं. पण उठून उभं राहिलं की डोकं-खांदे वर. आणि नियमाप्रमाणे ५ फुटीच ठेवलं तर बसलेल्या माणसालाही दीड फुटाच्या पुढं आडोसा नाही.

आडोसा डोळ्याजवळ तरी पाहिजे किंवा माणसाजवळ तरी. मधे कुठंतरी घातला तर तो फार उंच लागतो. तुळशीच्या दीड फूट अलीकडं सहा फूट उंच, सहा फूट रुंद आडोसा घातला तरी पुरतो. किंवा त्यांच्या लँडिंगच्या कठड्यावर सहा फुटापर्यंत पत्रा लावला तर एकाच ठिकाणी सगळं काम होतं, पण ते त्यांच्या हातात आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, सुतळी घ्या. एक टोक लँडिंगवर डोळ्याच्या उंचीला धरायचं, एक तुळशीपाशी, मधे हद्दीवर काठी उभी करायची आणि सुतळी काठीला कुठं लागते ते बघायचं.

सिव्हिल_पार्कचौक | १३ एप्रिल

मास्तर, नमस्कार घ्या. वाऱ्याचा हिशोब करत बसलो आणि हे डोक्यातच आलं नाही.

पूर्वभागवाली | १३ एप्रिल

सुतळी धरायला त्यांच्या जिन्यावर जावंच लागणार ना, त्या निमित्तानं बोलणं होईल. जाताना शेंगाची चटणी घेऊन जा.

मोगरा_जुळेसोलापूर | १३ एप्रिल

खरं सांगू का, दोन वर्षांत ह्या विषयावर मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. काय म्हणायचं, तुमचा जिना आम्हाला नको? त्यांनी स्वतःच्या जागेत बांधलाय. बघते.

बाळेकर_मामा | १४ एप्रिल

ताई, जिना नको असं म्हणूच नका. सासूबाईंची तुळस सांगा. एवढंच सांगा.

नवा_मेंबर_होटगीरोड | २ मे

हिरवी शेडनेट लावली तर चालणार नाही का? स्वस्तात होईल.

गच्चीतली_बाग | २ मे

एक-दोन उन्हाळे. मग विरून चिंध्या होतात. तात्पुरतं म्हणून ठीक. संध्याकाळी आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं हेही लक्षात ठेवा.

मोगरा_जुळेसोलापूर | १६ जून

मंडळी, उशीर झाला पण सगळं सांगते.

मास्तरांचं वाचल्यावर तीन दिवस नुसती सुतळी टेबलावर पडून होती. मग एका रविवारी गेले. शेजारच्या काकूंना म्हटलं, आमच्या आईंना तुळशीला पाणी घालायला आडोसा करायचाय, तुमच्या जिन्यावरून माप घेऊ का? त्या माझ्याबरोबर लँडिंगवर आल्या, स्वतः सुतळी डोळ्यापाशी धरली आणि खाली बघितलं. खाली आमचे मिस्टर तुळशीपाशी दुसरं टोक धरून उभे. काकू काहीच बोलल्या नाहीत थोडा वेळ. मग म्हणाल्या, "अगंबाई, इतकं दिसतं होय इथनं. आम्ही जाता-येता खालीच बघत नाही म्हणून कळलं नाही. आई म्हणूनच परसात यायच्या बंद झाल्या का? मला वाटलं तब्येत बरी नाही." मला तिथंच रडू आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लँडिंगच्या आणि वरच्या सहा पायऱ्यांच्या कठड्याला बदामी रंगाचा पत्रा लावून घेतला, सहा फुटापर्यंत. निम्मे पैसे आम्ही देतो म्हटलं तर काका ऐकेनात, शेवटी पत्र्याचे आम्ही आणि मजुरीचे त्यांनी असं ठरलं.

त्यामुळं ४२ फुटाचं काम १८ फुटावर आलं. मोरीच्या मागं हद्दीवर ४ फूट १० इंच उंच. जुन्या फॅब्रिकेशनवाल्याला नको म्हणून सांगितलं. खड्डे मिस्टर आणि दिरांनी घेतले, चार खांब, सहा-सहा फुटावर. तीन खड्ड्यांत पावणेतीन-तीन फुटावर मुरूम लागला. चौथ्यात काळी माती संपेचना, साडेतीन फुटापर्यंत गेले, दीर आत उतरून घमेल्यानं माती वर देत होते. तळ पोखरला, खडी, काँक्रीट, आणि आठ दिवस नुसते खांब उभे. येणारा-जाणारा विचारत होता पत्रा कधी मारणार. पत्रा ०.५०, आडव्या तीन पट्ट्या, स्क्रू खोलगट भागात. वर यू पट्टी. खाली दोन इंच फट.

एक चूक झाली ती सांगते. स्क्रू दिरांनी ड्रिल मशीननं मारले आणि पहिले पंधरा-वीस फार आवळले. रबराचा वायसर चपटा होऊन बाहेर आला, दोन तर फाटले. मे च्या शेवटी वारा सुटला तेव्हा नेमका तोच पत्रा रात्रभर कर्रकर्र वाजला. दुसऱ्या दिवशी ते स्क्रू काढून जरा जाडे घातले आणि वायसर फुगून कडेपर्यंत आला की थांबायचं असं ठरवलं. आता आवाज नाही.

४ जूनला मोठं वादळ झालं, आमच्या गल्लीत एक लिंबाची फांदी पडली आणि एकाचं शेडचं छप्पर उडालं. मी सकाळी उठून पहिल्यांदा चारही खांब हलवून बघितले. हलत नाहीत. पण मामा, तुमची करंगळी आठवली, म्हणून प्रत्येक गोळ्याभोवती बघितलं. चौथ्या खांबाला बारीक रेघ आहे, कागद जाईल एवढी. पुढच्या एप्रिलमध्ये परत बघणार.

आणि आई. पहिल्या दिवशी त्या मोरीवर गेल्या आणि जिन्याकडं बघत उभ्या राहिल्या, पत्र्यामागं काकूंची पावलं वाजत होती, दिसत कुणीच नव्हतं. मग म्हणाल्या चूल कुठं ठेवलीस? चूल मी माळ्यावर टाकली होती. मिस्टरांनी काढून आणली, आईंनी स्वतः पोतेरं फिरवलं.

निवृत्त_गणित_मास्तर | १६ जून

फार फार आनंद झाला ताई. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

बाळेकर_मामा | १७ जून

चौथ्या खांबाच्या रेघेत आत्ताच बारीक कच आणि मुरूम ठासून घ्या, पावसाचं पाणी तिथूनच आत उतरतं. पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका.

नवा_मेंबर_होटगीरोड | १७ जून

आमच्याकडं पण हेच करायचंय, फक्त समोर गच्ची आहे, जिना नाही. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून दिसतं ते कसं झाकायचं?

निवृत्त_गणित_मास्तर | १७ जून

मापं द्या, मांडून बघतो. पण दोन मजली गच्ची असेल तर उभा आडोसा पुरणार नाही, मोरीवर छपरासारखा आडवा पत्रा टाकावा लागेल असं वाटतं. मोरीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंतचं अंतर आधी मोजा.

मोगरा_जुळेसोलापूर | १८ जून

मामा, कच आणली, दुपारी ठासतो. सुतळी कुणाला पाहिजे असेल तर आमच्याकडं आहे, अजून गुंडाळून ठेवलीय.